आफ्रिकेच्या डोंगरांनी वळवलेला आपला पावसाळी वारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वारा नेमका कोणता? शाळेत शिकलेले नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणजे हाच का?

त्याच कुटुंबातला, किंबहुना त्या कुटुंबाचा कर्ता. शाळेच्या नकाशात अरबी समुद्रावर सारख्या अंतरावर बाण काढलेले असतात. ते पाहून वाटतं की सगळ्या समुद्रावरून वारा सारखाच वाहतो. प्रत्यक्षात जून ते सप्टेंबर या काळात त्याचा बहुतेक जोर एका अरुंद पट्ट्यात एकवटलेला असतो. हा पट्टा काहीशे किलोमीटर रुंद असतो आणि समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरकस असतो. हवामानशास्त्रात त्याला सोमाली जेट किंवा फिंडलेटर जेट म्हणतात, मराठीत झोतवारा. जुलैत सोमालियाच्या किनाऱ्यालगत त्याच्या गाभ्यात ताशी ७५ ते ९० किलोमीटरचा वेग ही नेहमीची गोष्ट आहे.

पाऊस म्हटलं की आपण ढगांकडे बघतो. या पानाचा सगळा आग्रह एवढाच, की ढगांआधी वाऱ्याकडे बघावं.

विमानवाले ज्याच्याबद्दल बोलतात तो जेट स्ट्रीम हाच?

नाही. ते झोतवारे दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर असतात. पावसाळ्यात तर भारतावर त्या उंचीवर वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे बरोबर उलट्या दिशेने वाहत असतो.

हा सुरू कुठे होतो?

विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मॉरिशस आणि रियुनियन बेटांच्याही खाली. तिथे हिवाळा चालू असताना हिंदी महासागरावर जास्त दाबाचं मोठं क्षेत्र असतं, त्याला मस्करीन हाय म्हणतात. तिथून निघालेली हवा आग्नेयेकडून वायव्येकडे येते, मादागास्करच्या उत्तर टोकाला वळसा घालते आणि केनियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडते. पुढे सोमालियाच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वर जाते, सोमालियाच्या टोकाशी असलेल्या रास असीरच्या आसपास जमीन सोडते आणि अरबी समुद्र कापत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येते.

यात डोंगरांचा काय संबंध? समुद्रावरचाच वारा ना हा?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि खरी गंमत इथेच आहे.

आग्नेयेकडून आलेल्या त्या हवेला पुढे पश्चिमेला जायचं असतं. पण समोर पूर्व आफ्रिकेचा उंच प्रदेश उभा आहे. टांझानिया-केनियाची पठारं, त्यांच्यावर ५,८९५ मीटरचा किलिमांजारो आणि ५,१९९ मीटरचा माउंट केनिया, आणि उत्तरेला इथिओपियाचा डोंगराळ मुलूख. एखाददुसरं शिखर असतं तर हवा बाजूने निघून गेली असती. ही शेकडो किलोमीटर लांब भिंत आहे, आणि वाऱ्याचा जोर दीड किलोमीटरवर, म्हणजे नेमका भिंतीच्या उंचीच्या आत आहे. पावसात रस्त्यावर पसरलेलं पाणी फुटपाथच्या कठड्याला लागलं की कडेने धार धरून पळतं, तसं काहीसं इथे होतं. पसरून वाहणारी हवा डोंगरांच्या पूर्व उताराला लागते, वळते आणि दाटीवाटीने उत्तरेकडे पळू लागते. जगभरात त्या काळात खालच्या थरातून विषुववृत्त ओलांडणाऱ्या हवेचा साधारण निम्मा वाटा या एका चिंचोळ्या वाटेने जातो.

डोंगरांचं आणखी एक काम आहे, ते चटकन लक्षात येत नाही. पृथ्वी फिरते म्हणून दक्षिण गोलार्धात वाहती हवा डावीकडे वळते आणि उत्तर गोलार्धात उजवीकडे. दक्षिणेतली हवा तिकडचं फिरणं अंगात घेऊन आलेली असते. ते टाकल्याशिवाय तिला उत्तरेत लांबवर शिरता येत नाही. डोंगरांच्या उताराला घासत जाताना तिचं हे फिरणं बदलतं. एकदा विषुववृत्त ओलांडलं की उजवीकडचा कल लागू होतो आणि वारा ईशान्येकडे, आपल्या दिशेला वळतो.

मग तो दीड किलोमीटरवरच का? खाली किंवा वर का नाही?

खाली जमीन आणि लाटा त्याला धरून ठेवतात. वर गेलं की वाऱ्याला ढकलणारा दाबाचा फरकच कमी होत जातो, कारण उत्तरेला अरबस्तानाची तापलेली जमीन आणि दक्षिणेला थंड समुद्र. तापलेल्या हवेत उंचीबरोबर दाब हळू उतरतो, त्यामुळे खालचा फरक वर पुसला जातो. या दोन्हींच्या मधली उंची त्याला मानवते.

आफ्रिकेचे डोंगर नसतेच तर आपल्याकडे दुष्काळ पडला असता का?

असं सरळ उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. संगणकावरच्या प्रतिरूपांत शास्त्रज्ञांनी हे डोंगर पुसून पाहिले आहेत. वाऱ्याचा आवळलेला झोत सैल होऊन पसरतो, इथवर बहुतेकांचं जमतं. पावसाबाबत मात्र उत्तरं वेगवेगळी येतात, आणि काही प्रयोगांत तर भारतावरचा पाऊस उलट वाढला. झोत आणि पाऊस यांचं नातं घट्ट आहे, पण ते ‘जास्त वारा म्हणजे जास्त पाऊस’ इतकं भाबडं नाही.

एवढा बाष्पाचा वारा अंगावरून जातो, तरी सोमालिया कोरडा कसा?

कारण वारा तिथे किनाऱ्याला समांतर पळतो. डोंगरावर चढत नाही, थांबत नाही, त्यामुळे हवेला वर उचलायला कुणी नाही. शिवाय हा वारा किनाऱ्यावरचं वरचं पाणी आत समुद्रात ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. ऐन जुलै-ऑगस्टात, विषुववृत्तापासून इतक्या जवळ, तिथल्या समुद्राचं तापमान काही ठिकाणी २० अंशांच्या खाली जातं. थंड पाण्यावरची हवा जड होऊन बसून राहते, ढग धरत नाही. माशांना मात्र ते पाणी पर्वणी, कारण खालून येताना ते पोषकद्रव्यं घेऊन येतं.

थोडं पुढे ओमानमध्ये हाच वारा आणि तसंच थंड पाणी वेगळा खेळ करतं. सलालाच्या मागे धोफारचे डोंगर आहेत. गार, ओलसर हवा त्यांच्यावर चढते आणि जून ते सप्टेंबर धुकं आणि झिमझिम चालू राहते. मस्कत ४५ अंशांत भाजत असताना हे डोंगर हिरवेगार होतात. तिकडे नोकरीला असलेली मराठी मंडळी ‘आंबोलीची आठवण’ काढत गाड्या घेऊन सलालाला जातात, ती याच वाऱ्याच्या कृपेने.

त्या आफ्रिकी भिंतीत कुठे फट नाही का?

आहे, आणि मोठी आहे. केनियाचा उंच प्रदेश आणि इथिओपियाचा डोंगराळ मुलूख यांच्यामध्ये सखल पट्टा आहे, तिथेच तुर्काना सरोवर. वाऱ्याची एक फांदी या फटीतून वायव्येला घुसते. फट अरुंद होत जाते तसा वेग वाढतो, आणि रात्री-पहाटे तो सर्वांत जास्त असतो. दिवसा जमीन तापली की वरखाली ढवळाढवळ होऊन झोत विस्कटतो. केनियाने याच फटीच्या तोंडाशी, मार्साबित परगण्यात ३६५ पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत. क्षमता ३१० मेगावॉट. आजूबाजूचा मुलूख मात्र रखरखीत, कारण हवा तिथे न थांबता निघून जाते.

हा वारा कुणी शोधला?

दर्यावर्दींना तो हजारो वर्षं माहीत होता. अरबी समुद्रातली गलबतं त्याच्या आणि हिवाळ्यातल्या उलट्या वाऱ्याच्या जोरावरच ये-जा करत. पण वर दीड किलोमीटरवर अरुंद झोत आहे, हे कळायला १९६०चं दशक उजाडलं. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतल्या विमानांनी अरबी समुद्रावर त्याची नोंद घेतली. १९६६ मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रमण या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की जुलैत दक्षिण भारतावरही असा झोत असतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या जॉन फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून भारतापर्यंतचं अख्खं चित्र जोडलं. नाव फिंडलेटर यांचं पडलं. जोसेफ-रमण यांचं काम आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतही क्वचितच सापडतं, हे काही बरं नाही.

‘मान्सून केरळात दाखल’ हे हवामान खातं पाऊस बघून ठरवतं ना?

फक्त पाऊस बघून नाही. १० मेनंतर ठरावीक १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा, ही एक अट. दुसरी अट वाऱ्याची: पश्चिमेकडचा वारा जमिनीपासून बऱ्याच उंचीपर्यंत, म्हणजे ६०० हेक्टोपास्कलच्या (हे हवेच्या दाबाचं माप; आकडा जितका कमी, तितकी उंची जास्त) पातळीपर्यंत भरलेला हवा, आणि ९२५ हेक्टोपास्कलला त्याचा वेग १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी अंदाजे २८ ते ३७ किलोमीटर हवा. तिसरी अट उपग्रहाला दिसणाऱ्या ढगांशी निगडित आहे. मे महिन्यात कोकणात दोन दिवस धो-धो कोसळलं तरी खातं ‘मान्सूनपूर्व’ म्हणतं तेव्हा लोक चिडतात. पण तो पाऊस वळवाचा असतो, त्यामागे हा वारा नसतो.

झोत जागा होतो तोही हळूहळू नाही. मेच्या उत्तरार्धात अरबी समुद्रावरच्या वाऱ्याची ऊर्जा आठवड्याभरात कित्येक पटींनी वाढते.

कधी कधी मान्सून येतो आणि मग गायबच होतो. तेव्हा वाऱ्याचं काय होतं?

२०२५चं उदाहरण ताजं आहे. केरळात २४ मे, मुंबईत २६ मे, म्हणजे नेहमीच्या ११ जूनच्या दोन आठवडे आधी. लोकांनी पेरण्यांची घाई केली. मग मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत मान्सूनची सीमारेषा जागची हलली नाही, कारण मागून येणाऱ्या वाऱ्याचा रेटा ढिला पडला. कृषी विभाग ‘पेरणीची घाई नको’ म्हणतो, त्याचं कारण हेच.

२०२३ मध्ये खोडा वेगळा होता. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ फिरत होतं आणि वारा त्याच्याभोवती ओढला जात होता. केरळात मान्सून ८ जूनला पोचला, मुंबईत २५ जूनला, आणि त्याच दिवशी दिल्लीतही.

ऐन जुलै-ऑगस्टातल्या उघडिपीतही वाऱ्याची वाटच बदललेली असते. पाऊस जोरात असतो तेव्हा झोत साधारण गोवा-दक्षिण महाराष्ट्राच्या अक्षांशावरून सरळ द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो. खंड पडतो तेव्हा तो अरबी समुद्रातच दक्षिणेला वळतो आणि श्रीलंकेच्या खालून निघून जातो. मराठवाड्यात शेतकरी आभाळाकडे बघत असतो आणि वारा हजार किलोमीटर दक्षिणेवरून चाललेला असतो.

सह्याद्रीला धडकल्यावर नेमकं काय होतं?

आफ्रिकेत डोंगरांनी वाऱ्याला वळवलं, इथे डोंगर त्याला चढायला लावतात. कोकणातून पाहिलं तर सह्याद्री जवळजवळ उभा कडा आहे. वारा त्याला काटकोनात येऊन भिडतो, वर ढकलला जातो, थंड होतो आणि बाष्प सोडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथून जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेला पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. पसरणी घाट उतरून वाईला आलात की आणखी कमी, आणि माण-खटावला पोचेपर्यंत ५००च्या आसपास. एका जिल्ह्यात, काही तासांच्या एसटीच्या प्रवासात. पलीकडे उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, ढग विरतात. दहिवडीला पावसाळ्यात आभाळ भरलेलं, वारा सुसाट आणि पाऊस नाही, हे चित्र त्यातूनच येतं.

साताऱ्याच्या वर्तमानपत्रांत पावसाळाभर रोज तीन आकडे छापून येतात: कोयना, नवजा, महाबळेश्वर. हे आकडे पाऊस सांगतात तसंच आदल्या दिवशी घाटमाथ्यावर वारा कसा होता तेही सांगतात. ढोबळ नियम असा, की वारा मंद असला तर त्याला डोंगर चढवत नाही, हवा अलीकडेच तुंबते आणि पाऊस समुद्रात आणि किनारपट्टीवर पडतो. वारा जोरकस असला तर ढग वर चढून घाटमाथ्यावर रिकामे होतात. म्हणून रत्नागिरीत झोडपलं तर कोयना भरेलच असं नाही. नियम ढोबळच आहे, कारण किनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा किंवा भोवरा तयार झाला की सगळी गणितं फिरतात.

उलटा धबधबा हा फोटोतला चमत्कार आहे की खरा?

खरा. नाणेघाटात, पाटणजवळच्या सडावाघापूरला आणि आंबोलीच्या कावळेसादला पाहायला मिळतो. कड्याच्या पायथ्याशी तुंबलेली हवा भिंतीला धरून वर उसळते. पाण्याची धार बारीक असेल तर ती कड्यावरून खाली पडण्याआधीच फवारा होऊन उभं राहणाऱ्याच्या तोंडावर येते. पाऊस फार झाला आणि धार जाड झाली तर पाणी मुकाट्याने खालीच पडतं. तेव्हा प्रचंड पावसाच्या दिवशी जाऊन उपयोग नाही, बेताचा पाऊस आणि जोरदार वारा हवा. कड्याच्या टोकाला मात्र जाऊ नका. हा वारा एकसारखा नसतो, झोडप्यांनी येतो, आणि मधेच पडला की त्याच्यावर रेलून उभा राहिलेला माणूस पुढे जातो. छत्री तर गाडीतच ठेवा.

पवनचक्क्या साताऱ्याच्या पठारांवरच का दिसतात?

चाळकेवाडी, वनकुसवडे ही पठारं समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहेत. म्हणजे चक्कीचं पातं झोताच्या बऱ्याच जवळ पोचतं. महाराष्ट्रातली पवनवीज म्हणूनच पावसाळ्यात सर्वांत जास्त असते. दक्षिणेला याहून जोरदार उदाहरण आहे. पालघाटची खिंड ही पश्चिम घाटातली तीसेक किलोमीटर रुंद फट, तिथून वारा कोइम्बतूरच्या बाजूला घुसतो. कन्याकुमारीजवळच्या मुप्पंदलला डोंगरांच्या फटीतून येतो. दोन्हीकडे पवनचक्क्यांची रानं उभी आहेत.

मासेमारीबंदीचा याच्याशी संबंध आहे?

बंदीचं मुख्य कारण माशांचा विणीचा हंगाम. पण वारा नसता तर ती पाळणं फार अवघड गेलं असतं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात जायला मनाई असते, आणि वारा सर्वांत तापट असतो तोही याच काळात. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला तो उतरणीला लागतो. अरबी समुद्राच्या पलीकडे सोकोत्रा बेटावरही पूर्वापार हेच: या महिन्यांत होड्या ओढून वर ठेवायच्या.

या वाऱ्याबरोबर आणखी काय येतं?

अरबस्तानाची धूळ येते. काही वर्षी टोळही येतात. पिवळसर रंगाचा एक चतुर ऑक्टोबर-नोव्हेंबरात भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेला उडत जातो, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. तेव्हा वारा उलट दिशेने वाहत असतो. त्याची पुढची पिढी परत येते ती याच झोतावर, असं मानलं जातं. दोन इंच लांबीचा कीटक, आणि समुद्र ओलांडायला वाऱ्याचं तिकीट!

हवामान बदलामुळे हा वारा बदलतोय का?

पृथ्वी तापत जाईल तसा झोत थोडा उत्तरेकडे सरकेल, असं काही अभ्यास सुचवतात. वाऱ्याच्या वागण्यातल्या चढउताराचा पुरावा जास्त ठोस आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कारण म्हणून त्यांनी अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या लहरीपणाकडे बोट दाखवलं. एकूण पाऊस फारसा न वाढता तो मोजक्या दिवसांत ओतला जातो.

घरबसल्या हा वारा बघता येतो का?

येतो, आणि सवय लागली की दुसरं काही बघवत नाही. वाऱ्याचा नकाशा दाखवणारं विंडीसारखं कुठलंही ॲप उघडा. ते सुरुवातीला जमिनीलगतचा वारा दाखवतं, त्यावर विसंबू नका. उंची बदलून ८५० हेक्टोपास्कल करा, तिथे बहुधा १५०० मीटर असंही लिहिलेलं असतं. मग नकाशा लहान करा, म्हणजे मादागास्करपासून मुंबईपर्यंतचा समुद्र एका नजरेत येईल. केनियापासून सोमालियाच्या टोकापर्यंत गडद पट्टा दिसेल, तो झोत. तो गडद पट्टा भारताच्या किनाऱ्याला कुठे भिडतोय ते बघा. गोवा-कोकणाला काटकोनात येत असेल तर पुढचे दोन-तीन दिवस घाटात जपून जा. केरळच्या खालून वळत असेल तर ओलं धुणं वाळत घालायला हरकत नाही. तारीख पुढे सरकवून अंदाजही दिसतो, पण चार-पाच दिवसांपलीकडचं चित्र रोज बदलतं. त्यावर पेरणी ठरवू नये आणि लग्नाचा मांडवही.

तो थांबतो कधी?

सप्टेंबरमध्ये ढिला पडत जातो. महाराष्ट्रातून मान्सूनची परतीची वाट ऑक्टोबरच्या पूर्वार्धात सुरू होते, तोवर ८५० हेक्टोपास्कलच्या नकाशावर तो ओळखूही येत नाही. वारा पडतो, ऊन लागतं, ऑक्टोबर हीटच्या तक्रारी सुरू होतात. डिसेंबरात आफ्रिकेच्या त्याच डोंगरांना लागून वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत असतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याला कास्काझी म्हणतात, आणि तो आपल्या पावसाळी वाऱ्यापेक्षा बराच सौम्य असतो.